शुक्रवारचा कागद

शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपत आली की परबबाई माझ्या एप्रनच्या खिशात चौपदरी घडी केलेला एक कागद सारायच्या आणि म्हणायच्या, "वाचून ठेव गो वैशाली. सोमवारी मी दिसले की माझ्यासमोर फाड."

कागद म्हणजे एक्स-रेच्या जुन्या फॉर्मची कोरी बाजू. त्यावर ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलेलं असायचं. उद्या कुठला डोंगर, कुठली एस्टी, कुठे उतरणार, कुठल्या वाटेने चढणार, वाडीत कुणाला सांगून वर जाणार, त्या घरातला फोन नंबर, अंगात कुठल्या रंगाचा शर्ट, बरोबर पाण्याच्या बाटल्या किती. शेवटच्या ओळीत घरी परत यायची वेळ. असाच दुसरा कागद मुलुंडला त्यांच्या फ्रीजवर लोहचुंबकाखाली लावलेला असायचा, नवऱ्यासाठी.

आम्ही दोघी घाटकोपरच्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन. मी तिथे रुजू झाले तेव्हा परबबाईंची तिथे वीस वर्षं झाली होती. ठेंगणी, काटक बाई, केसांचा घट्ट अंबाडा, जाड भिंगांचा चष्मा. आवाज असा की बाहेर बाकावर बसलेला पेशंटसुद्धा आतल्या माणसाला "श्वास धरा" म्हटलं की श्वास धरायचा. माहेर आणि सासर दोन्ही मालवणकडचं. आमच्याशी बोलायच्या मुंबईचं मराठी, पण राग आला, हसू आलं किंवा भूक लागली की मालवणी सुरू.

फोटोचा नाद त्यांना खात्यातच लागला. पूर्वी फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवाव्या लागत. लाल दिव्याखाली, रसायनाच्या वासात, कोऱ्या फिल्मवर हळूहळू कुणाची तरी हाडं उमटताना बघायची. "तेव्हाच ठरवलं," त्या सांगायच्या, "एक दिवस असंच काहीतरी उमटवायचं, पण न मोडलेलं." दहिसरच्या एका फोटोग्राफरने लग्नाची कामं बंद केली तेव्हा त्याच्याकडून त्यांनी जुना कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड घेतला. माणसांचे फोटो मात्र कधी काढले नाहीत. आमच्या खात्याच्या पिकनिकला सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "तुमचे फोटो मी रोज काढते की. आतून."

त्यांना डोंगर लागायचे. तेसुद्धा एकटीने. याच्यावरून आम्ही त्यांना खूप बोलायचो. ग्रुप असतात, त्यांच्याबरोबर जा ना, असं मी शंभरदा म्हटलं असेल. एकदा वैतागून म्हणाल्या, "गेले होते गो दोनदा. एकाला भूक लागते, एकाला रील करायचं असतं, एकाची बायको फोन करते. मी उजेडाची वाट बघत बसते आणि ते माझी वाट बघत बसतात. कुणाचंच भलं होत नाही."

एकदा त्यांनी मलाही नेलं होतं, लांब नाही, आरे कॉलनीत. पहाटे साडेपाचला गाय-म्हशींच्या गोठ्यांच्या मागच्या बाजूला आम्ही उभ्या. समोर धुक्यात एक उतार, वर चार ताडाची झाडं. परबबाईंनी स्टँड लावला, डोळा लावला आणि गप्प झाल्या. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली, माझे पाय डासांनी फोडून काढले. मग पाड्याच्या बाजूने एकाएकी सगळी कुत्री भुंकायला लागली आणि तशीच एकाएकी थांबली. परबबाईंनी एक शब्द न बोलता स्टँड मिटला आणि माझा दंड धरून मला रस्त्याकडे चालवत नेलं. पळायचं नाही, मागे वळायचं नाही, नुसतं चालायचं.

बसस्टॉपवर आल्यावर मी विचारलं, "बिबट्या होता?"

"माहीत नाही."

"मग फोटो?"

"डोंगर खंय पळान जाणा नाय," त्या म्हणाल्या आणि टपरीवर दोन कटिंग सांगितले.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. अर्ध्या वाटेतून परतलेल्या किती शनिवारांच्या कथा त्यांनी याच वाक्याने संपवल्या असतील. ढग उतरले, परत. ओढ्याला पाणी जास्त, परत. गुडघा बोलायला लागला, परत. मला आधी वाटायचं ही बाई धाडसी आहे. पुढे कळलं की ती भयंकर भित्री आहे, आणि तिला भित्रेपणाची जराही लाज नाही. "घाबरायचं," त्या म्हणायच्या. "न घाबरणारे सगळे आपल्या खात्यात येतात. स्ट्रेचरवरून."

ते खरं होतं. जून ते सप्टेंबर, दर रविवारी रात्री आणि सोमवारी सकाळी आमच्याकडे डोंगरांनी आणि धबधब्यांनी पाठवून दिल्यासारखी माणसं येत. कुणाचं मनगट, कुणाची टाच, कुणाचा मणका. एकदा एक पंचविशीतला मुलगा आला, टाचेचा चुरा झालेला. धबधब्याच्या वर स्टँड लावून फोटो काढत होता, मागे सरकला आणि मागे काही नव्हतं. पाच तास तसाच पडून होता. परबबाईंनी त्याचा पाय इतक्या हलक्या हाताने टेबलावर ठेवला की तो कण्हलासुद्धा नाही. मग वाकून विचारलं, "तू तिथे गेलायस हे कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही, मॅडम. सहज गेलो होतो."

"आई आहे?"

"आहे."

"तिला काय सांगितलंस?"

"मित्राकडे अभ्यासाला."

परबबाईंनी काचेमागे येऊन बटण दाबलं. तो बाहेर गेल्यावर चष्मा काढून पुसत बसल्या. "पाय घसरतो, तो कुणाचाही घसरतो," त्या म्हणाल्या. "पण आई अभ्यासाच्या मित्राकडे शोधत राहिली असती ना गो."

त्यांचे यजमान मोहनराव, छापखान्यातून निवृत्त झालेले. उंच, वाकलेला, मितभाषी माणूस. त्यांना उंचीची इतकी भीती की राहत्या इमारतीच्या गच्चीवरसुद्धा जात नसत. तिसऱ्या मजल्यावरचं त्यांचं घर म्हणजे बायकोने टिपलेले कडे, दऱ्या आणि सुळके. जेवणाच्या टेबलासमोर एक दरी लावलेली होती, त्या बाजूला पाठ करून ते जेवायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही यांना कधी अडवलं नाहीत?"

ते म्हणाले, "अडवली असती तर थांबली असती ती. म्हणून नाही अडवली."

आता त्या ऑक्टोबरबद्दल.

त्या शुक्रवारच्या कागदात मुरबाडच्या पुढची, डोंगराच्या पायथ्याची एक वाडी होती. तिथून संध्याकाळच्या उन्हात पश्चिमेचा कडा टिपायचा, मुक्काम वाडीत, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत घरी. शर्ट निळा. बाटल्या तीन. मी कागद वाचला, पर्समध्ये टाकला आणि विसरले.

रविवारी साडेसातला मोहनरावांचा फोन आला. "वैशाली, ती आली नाही अजून. फोनही लागत नाही. एस्टी चुकली असेल का?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हा प्रश्न त्यांनी मला लागोपाठ तीनदा विचारला. मी कागदावरचा नंबर फिरवला. वाडीतल्या माणसाने सांगितलं, "बाई इकडे आल्याच नाहीत. शनिवारी आम्ही वाट बघितली. इथं सगळं ढगात होतं, म्हटलं रहित केलं असेल."

इतकी वर्षं मी त्या कागदांना थोडं हसत आले होते. आता कागद हातात होता आणि बाई कागदावर नव्हत्या.

मी भांडुपला राहते. नवऱ्याला, संजयला, घेऊन वीस मिनिटांत मुलुंड गाठलं. मोहनराव दारातच उभे होते. संजय पोलिसांना फोन लावत होता आणि पलीकडून विचारत होते, "नेमक्या कुठे गेल्या?" आणि नेमकं तेच आम्हाला माहीत नव्हतं. सगळा सह्याद्री आडवा पसरला होता. मोहनराव म्हणाले, "ती कधी खोटं लिहीत नाही." मग पुन्हा म्हणाले, "कधीच लिहीत नाही."

मी त्या बाईबरोबर अकरा वर्षं काम केलं होतं. डोकं शांत ठेवून मी इतकाच विचार केला, की परबबाई शनिवारी सकाळी मुरबाडच्या एस्टी स्टँडवर उभ्या आहेत, समोर बघतात तर डोंगराच्या पायथ्याशी सगळे ढग. त्या काय करतील? परत फिरतील. हे निम्म्या वेळेचं उत्तर. उरलेल्या निम्म्या वेळेचं उत्तर शोधताना मला त्यांच्या कपाटाचं दार आठवलं.

त्या दाराच्या आतल्या बाजूला त्या आपले फसलेले फोटो चिकटवायच्या. त्यात एकाच सुळक्याचे तीन होते. घाटाच्या वरच्या अंगाने टिपलेला, खाली कोकणाकडे बघणारा, घोडीच्या मानेसारखा सुळका. पहिल्या वर्षीचा नुसता पांढरा, दुसऱ्या वर्षीचा अगदी स्वच्छ, म्हणून नापास, तिसऱ्यात कोपऱ्यात त्यांच्या पिशवीचा पट्टा. त्यांना हवं होतं ते एवढंच, की खाली ढगांचा समुद्र आणि त्यातून तो एकटा वर आलेला. म्हणजे खाली ढग असतील तेव्हाच वर जायचं.

मी आतल्या खोलीतलं ते कपाट उघडून तीन फोटो खरवडून काढले. परबबाई प्रत्येक फोटोच्या मागे लिहायच्या. होतं. "करंजवाडी. हौसाबाईच्या घरावरून. डाव्या ओढ्याने वर. उतरताना याच वाटेने, गवतावरून नाही." शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारलेली.

"वर गेल्यायत त्या," मी म्हटलं. "ढग बघून वर गेल्यायत."

पोलिसांनी घाटावरच्या चौकीला कळवलं. तिकडच्या डोंगरात अडकलेल्यांना सोडवणारी काही माणसं आहेत, त्यांचा निरोप आला की उजाडताच निघतो. आम्ही तिघं चारला निघालो. मोहनराव मागच्या सीटवर होते. घाट सुरू झाला तसे त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वर पोचेपर्यंत उघडले नाहीत.

हौसाबाई अंगणात होती. साठीची बाई, नाचणीची कणसं वाळत घालत होती. "परबबाई? आल्या व्हत्या की शनवारी," ती म्हणाली. "च्या घेतला, वर गेल्या. मला म्हनल्या, आज तिकडनंच रस्त्याला उतरते, येष्टी गाठायचीय. म्हटलं, गेल्या आसतील घरला." बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. तिला वाटत होतं त्या घरी गेल्या, घरच्यांना वाटत होतं त्या खालच्या वाडीत आहेत. दोन रात्री परबबाई या दोन वाटण्यांच्या मधे कुठेतरी पडल्या होत्या.

डोंगरातली ती आठ माणसं दोर घेऊन आली होती. हौसाबाईने पदर खोचला आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. जाता जाता मोहनरावांकडे वळून म्हणाली, "भाऊ, तेवढ्या कोंबड्या हाकला. नाचणी खात्यात."

आणि मोहनराव कोंबड्या हाकत राहिले. हातात एक काठी, पायात मुंबईचे बूट, त्या अंगणात कणसांभोवती ते फिरत होते. "हुश, हुश." मी पाणी देऊ केलं तर नको म्हणाले. संजय म्हणाला, काका बसा, मी बघतो. नाही बसले. अडीच तास एका कोंबडीला त्यांनी एक दाणा खाऊ दिला नाही.

साडेअकराच्या सुमारास वरून आरोळी आली. शब्द कळले नाहीत. मग दुसरी आली, जवळून, हौसाबाईची. "जित्या हायेत! जित्या हायेत ओ!"

मोहनरावांच्या हातातली काठी खाली पडली. ते ओट्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कोंबड्या धावत नाचणीवर तुटून पडल्या. कुणी हाकलल्या नाहीत.

परबबाईंना दोराच्या झोळीतून खाली आणायला आणखी तास लागला. निळा शर्ट मातीने तपकिरी झालेला, ओठ फुटलेले, चष्म्याची एक काच तडकलेली. उजव्या पायाला कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय ओढणीने करकचून बांधलेला, आम्ही खात्यात फळी बांधतो तसा. मी रडत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "घोटा आहे. दोन्ही बाजूंनी गेलाय. प्लेट बसणार."

मग मोहनरावांकडे बघितलं. ते पुढे आले, बायकोच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत तिच्या नाकावर ठेवला. घाट उतरताना मोहनराव अँब्युलन्समध्ये त्यांच्याशेजारी बसले होते. या वेळी डोळे उघडे होते, असं परबबाईंनी मला नंतर मुद्दाम सांगितलं.

संध्याकाळी त्यांचा एक्स-रे मीच काढला, आमच्याच खात्यात. त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता. टेबलावर पडल्या पडल्या सूचना चालूच होत्या. "पाय जरा आत वळव. आणखी. पंधरा अंश, वैशाली, पंचेचाळीस नाही. आता जा काचेमागे." स्क्रीनवर चित्र आलं, मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी मान उचलून नीट बघितलं. "बघ, म्हटलं नव्हतं दोन्ही बाजूंनी?" असं म्हणून त्या हसायला लागल्या, मग मीही, आणि दाराबाहेर थांबलेला वॉर्डबॉय आत डोकावून बघायला लागला की या दोघींना काय झालंय.

प्लेट बसली. आठवड्याने मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. मुरबाडहून वर जाणारी एस्टी समोर उभी होती. तिच्यात चढता चढता मोहनरावांना मेसेज टाईप केला, "वर जातेय, करंजवाडी." रेंज नव्हती, तो फोनमध्येच राहिला आणि मग बॅटरी गेली. वर पोचल्यावर खाली ढग तसेच होते जसे हवे होते. पाच वाजता निघायला हवं होतं. उजेड मावळायच्या आधी एक तास निघायचं हा त्यांचाच नियम. पण पाचला ऊन सोनेरी व्हायला लागलं. साडेपाच झाले. मग शेवटची एस्टी गाठायची घाई, मग जवळची वाट, मग वाळलेलं गवत.

"दहा-बारा फूट गेले असेन. खाली एक पडवीएवढी जागा होती, तिथे थांबले. शिट्टी होती गळ्यात, ती वाजवत राहिले. रविवारी दुपारनंतर वाजवायला तोंडात ओलावा राहिला नाही. शेवटची बाटली घोट घोट पुरवली. सोमवारी उन्हं वर आल्यावर हौसाबाईची हाक ऐकली आणि बाटलीच्या बुचात उरलेल्या थेंबाने ओठ भिजवून शिट्टी फुंकली. एकदाच वाजली गो."

"भीती वाटली?"

"वाटली. पण त्याहून लाज वाटत होती." त्या खिडकीकडे बघत होत्या. "मोहनच्या हातात मी खोटा कागद देऊन आले होते. तो दुसऱ्याच डोंगरावर शोधत फिरणार, हे दिसत होतं मला. त्या टाच मोडलेल्या पोराबद्दल मी किती बोलले होते."

मी म्हटलं, "तुम्ही फोटोमागे लिहून ठेवता म्हणून सापडलात."

"तू वाचतेस म्हणून," त्या म्हणाल्या.

कार्डावर तो फोटो होता. ढगांचा समुद्र, तांबूस सोनेरी, आणि त्यातून वर आलेली ती घोडीची मान. माझ्या तोंडून "काय झकास आलाय!" निघून गेलं. परबबाईंनी तो बराच वेळ बघितला.

"चांगला आहे," म्हणाल्या. "घोटा मोडावा इतका नाही."

तो त्यांनी भिंतीवर लावला नाही. एक मोठी प्रत करून हौसाबाईला पाठवली.

डोंगर त्यांनी सोडले नाहीत. मी तरी त्यांच्याकडून ती अपेक्षा केली नव्हती. मात्र पाय बरा झाल्यावर त्या एकट्या गेल्या नाहीत. करंजवाडीला जायच्या आणि हौसाबाईला बरोबर घेऊन वर चढायच्या. हौसाबाई कड्यावर तासन्तास बसून राहते, एक शब्द बोलत नाही, आणि पाच वाजले की उठून चालायला लागते, मग ऊन कितीही सोनेरी असो. "शिंची थांबतच नाय," असं परबबाई मला सांगायच्या, पण तक्रार केल्यासारखं नाही.

पुढे त्या निवृत्त झाल्या, माझी बोरिवलीला बदली झाली. नंतर कळलं की ती दोघं नवरा-बायको आता गावी जाऊन राहणार. त्याआधी एकदा त्यांची गाठ पडली ती अगदी अचानक. रविवार होता, आम्ही मार्वेहून बोटीने मनोरीला गेलो होतो. किनाऱ्यावर ओहोटी सरत आलेली. पाण्यात गुडघाभर आत एक ठेंगणी बाई स्टँड रोवून उभी, डोळा कॅमेऱ्याला. मी ओळखलंच.

वाळूवर जरा वर एक प्लॅस्टिकची खुर्ची होती आणि तिच्यात मोहनराव, समुद्राकडे पाठ करून, वाऱ्याने उडू नये म्हणून घडी घातलेला पेपर वाचत. मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्ही आणि इथे?"

"आताशा येतो बरोबर," ते म्हणाले. "बघवत नाही मला. पण बसतो."

जाळी आवरणाऱ्या एका कोळणीने पाण्याकडे बघून हाक दिली, "ए बाय, भरती आयली गो! भायेर ये!"

"आयले गो, आयले!" परबबाईंचा तो खात्यातला आवाज वाऱ्यावरून आला. मागोमाग पाणी कापत येणाऱ्या पावलांचा चुबुक चुबुक आवाज, आधी लांब, मग जवळ.

मोहनराव पेपरवरची नजर न हलवता तो आवाज ऐकत होते. पावलं ओल्या वाळूवर लागली तेव्हा त्यांनी पान उलटलं.